कापूरसाठी वाटलेली सरकी

मित्रांनो, मी एक जुना दगडी रगडा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना बहुधा गोड बोलतात, झालं गेलं गंगेला मिळालं म्हणतात. मला ते जमत नाही. माझ्या बाबतीत जे घडलं ते गंगेला मिळालं नाही आणि कावेरीलाही मिळालं नाही. तेव्हा ऐकायचं असेल तर नीट बसून ऐका.

कुंभकोणम्‌च्या आसपास माती उदंड, पण दगड औषधालासुद्धा सापडत नाही. मला पुदुक्कोट्टैच्या बाजूला खडकातून फोडून काढलं. पाथरवटाने माझ्या पोटात खळगा कोरला, त्याच खडकाचा एक गोटा घडवला आणि आम्हा दोघांना गाडीत घालून कुंभकोणम्‌च्या बाजारात आणलं. तिथून एका मराठी घराने मला विकत घेतलं. या घराचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांच्या घोडदळाबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात विठ्ठलाची पूजा, दारी तमिळ बोलणं आणि चुलीपाशी जुनी मराठी, अशी त्यांची रीत होती.

पहिली काही वर्षं मी स्वयंपाकघरात होतो. उडीद वाटले, तांदूळ वाटले, सणावारी खोबरं आणि डाळ वाटली. मग एका दिवाळीच्या घाईत माझी कड उडाली. वाटणात दगडाची खर येऊ लागली तेव्हा मला उचलून मागच्या गोठ्यात टाकलं. घरातून गोठ्यात जाणं म्हणजे आमच्या जातीत पायउतारच. मी बरेच दिवस तोंड फुगवून बसलो होतो.

पण गोठ्यात मला खरं काम मिळालं. आमच्या या मुलखात गुरांना सरकी कोरडी घालत नाहीत. ती रात्री भिजत घालतात, सकाळी रगड्यात वाटतात, आणि दुधासारखं जे पांढरं वाटण निघतं ते कोंड्यात कालवून पुढे ठेवतात. जनावराच्या खाण्यात थोडी खर आली तर कोणी बोंब मारत नाही. वाटायला बसायच्या त्या घरच्या मीनाक्षीबाई. हात बळकट, जीभ त्याहून बळकट. गोटा फिरवताना त्या अभंग म्हणत, आणि अभंगाच्या मध्येच कोंबडी हाकलत.

त्यांचे यजमान चंद्रमौली. राज्य होतं तेव्हा ते तंजावरच्या राजवाड्यात होते. मिरवणुकीचे बैल चारून पुष्ट करायचे, ही त्यांची नोकरी. त्यांच्या हाताखालचा बैल निघाला की लोक रस्त्यात उभे राहून पाहत, असं ते सांगत. ते वारंवार सांगत, म्हणून मला पाठ आहे. मग महाराज निपुत्रिक गेले, कंपनी सरकारने राज्य खालसा केलं, आणि राजवाड्यातली जनावरं लिलावात निघाली. चंद्रमौली कुंभकोणम्‌ला परतले. घरची थोडी शेती होती, पोटापाण्याला कमी नव्हतं. कमी होती ती पाहणाऱ्यांची. ते गोठ्यात उभे राहून आमच्या साध्या बैलांकडे असं पाहत, जसा गवई बहिऱ्या शेजाऱ्याकडे पाहतो.

अशातच कापूर जन्मला. कापरासारखा पांढरा, म्हणून कापूर. त्याची आई व्याली आणि दुसऱ्याच दिवशी गेली. मीनाक्षीबाईंनी त्याला दुसऱ्या गायीचं दूध बोटाने चाटवून जगवलं. तो चारा तोंडात धरू लागला तसं माझ्या खळग्यातलं सरकीचं दूध त्याला मिळू लागलं. वाटण काढून झालं की तो माझ्यात तोंड घालून कडेपर्यंत चाटून घेई. त्याची जीभ खरखरीत होती. मित्रांनो, माझ्यासारख्या दगडाला कोणी कौतुकाने हात लावत नाही, पण हा रोज मला चाटून स्वच्छ करायचा. मला तो फार आवडायचा, हे मी लपवत नाही.

कापूरला खच्ची करून त्याचा बैल केला त्याच वर्षी सेतू आमच्याकडे आला. सेतू हा साहेबलोकांना जनावरं पुरवणारा दलाल. अंगरखा इस्तरीचा, बोलणं लोण्यासारखं. तो गोठ्यात शिरला, कापूरच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "रावजी, दारासुरम्‌च्या पलीकडे आमराईत साहेब गुरांचं प्रदर्शन मांडणार आहेत. पुढल्या थंडीत. सर्वांत उत्तम चारलेल्या बैलाला चांदीचं पदक. तुमचा हात मी ऐकून आहे. राजवाड्याचा हात!"

चंद्रमौलींचा चेहरा असा उजळला की मला वाटलं कोणी दिवाच लावला. सेतूने कापूरच्या कानात पितळी बिल्ला टोचला आणि प्रदर्शनात त्याचं नाव घातलं. मग चारण्याची रीत सांगायला बसला.

ती रीत ऐकून चंद्रमौलींनाही नवल वाटलं. राजवाड्यात बैल अखेरच्या दोन महिन्यांत तेल आणि तूप पाजून चमकवत. सेतू म्हणाला, ती नुसती वरवरची चमक. साहेबाला जनावर आतून भरलेलं हवं. नुसतं भाताचं काड खाणारा बैल जेवढं खातो तेवढं चालण्यात आणि ओढण्यात खर्च करतो, त्याच्या अंगी काही साठत नाही. धान्य घातलं, काम बंद केलं, की खर्चून उरेल ते चरबी होऊन साठतं. ती आधी गुरद्याभोवती बसते, मग कातडीखाली पसरते, आणि बराच काळ असंच चारलं तर सर्वांत शेवटी अंगाच्या धाग्याधाग्यांत उतरते. त्यासाठी वयाने कोवळं जनावर हवं आणि धीर हवा. एकदम धान्य वाढवलं तर पोट फुगून मरेल, म्हणून हळूहळू वाढवायचं. सरकी, कुळीथ, तांदळाची कणी, तिळाची पेंड, गूळ. आणि जू मानेवर ठेवायचं नाही.

उठता उठता तो म्हणाला, "आणि शेवटी शेवटी हिरवा चारा बंद. हिरव्याने चरबी पिवळी पडते. साहेबाला पांढरी लागते."

मीनाक्षीबाई माझ्यापाशीच बसल्या होत्या. सेतू फाटकाबाहेर गेला तसा त्यांनी गोटा थांबवला.

"अहो, चरबी कातडीच्या आंत असते नव्हे?"

"असते. मग?"

"मग तिचा रंग कोण पाहणार?"

  चंद्रमौली एकदम चिडले. "साहेबाचं खूळ तें! तुला काय कळतें त्यांत? तू सरकी वाट."

"वाटतें. पण तो परत येईल कीं नाहीं, तें आधीं सांगा."

"येईल म्हणतों ना."

"असें नाहीं. अन्नाची आण घ्या. ह्या दगडावर हात ठेवून घ्या."

आमच्याकडे अन्न ज्यावर दळलं-वाटलं जातं त्या दगडावर हात ठेवून कोणी खोटं बोलत नाही. असा समज होता. चंद्रमौली वाकले, माझ्या कडेवर तळहात टेकला आणि म्हणाले, "अन्नाची आण. कापुराला मी परत आणीन." त्यांचा हात घामाने ओला होता. मी म्हटलं, उन्हाळा आहे. दगड झालो तरी मी भोळाच.

त्यानंतर मी जे राबलो ते जन्मात राबलो नव्हतो. रोज पहाटे सरकी, मग भिजलेले कुळीथ, मग पुन्हा सरकी. मीनाक्षीबाईंच्या तळहातांना घट्टे पडले. माझ्या खळग्याचा तळ झिजून गुळगुळीत झाला. कापूर पाहता पाहता भरला. मान जाड झाली, शेपटीच्या मुळाशी मांसाच्या गाद्या आल्या, कातडी अशी ताणली की माशी बसली तरी घसरेल. शेजारणी भिंतीवरून डोकावून मीनाक्षीबाईंना म्हणत, "काय गे, बैल पोसालीस कीं जावई?" मीनाक्षीबाई हसत आणि मुठीभर जास्त सरकी टाकत. मला वाटे, या कौतुकात माझाही वाटा आहे. तेव्हा मला फार अभिमान होता, आणि आज तो आठवला की माझ्याच अंगावर थुंकावंसं वाटतं.

आम्हाला जागं केलं ते महालिंगने. महालिंग हा सुंदरपेरुमाळ कोयिल गावचा शेतकरी. काड घेऊन तो गाडीने आमच्याकडे येई. आता कापूर काड फारसं खात नाही म्हणून मीनाक्षीबाईंनी त्याला अर्धीच गाडी उतरवायला सांगितली. त्याने कारण विचारलं, त्यांनी प्रदर्शनाचं सांगितलं. महालिंगने डोक्यावरचा पंचा काढला आणि तो तमिळमध्ये हळूच बोलला. त्याचा अर्थ असा:

"अम्मा, तुम्हाला कोणी सांगितलं नाही? गेल्या साली आमच्या गावचा एक बैल अशाच प्रदर्शनाला गेला. कामाच्या बैलांचं पदक उभ्या बैलाला देतात, तो घरी येतो. चारलेल्या बैलांचं पदक कापल्यावर देतात. आत चरबी कशी उतरली ते उघडून पाहतात, आणि मग साहेबांच्या मेजावर वाढतात."

मीनाक्षीबाई खाली बसल्या. मग त्यांनी त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "तू ने रे त्याला. नांगराला जुंप, उपाशी ठेव, पण ने."

महालिंगने कापूरच्या कानातल्या पितळी बिल्ल्याकडे पाहिलं आणि मान हलवली. साहेबाचा बिल्ला असलेला बैल तो कुठे लपवणार? तो डोळे पुसत गाडी घेऊन गेला. पण जाताना सगळी गाडीभर काड उतरवून गेला.

त्या दिवसापासून मीनाक्षीबाईंनी डाव उलटा मांडला. ज्या खाण्याने बैल भरला, तेच काढून घेतलं तर तो उतरेल, एवढा हिशोब कोणालाही कळतो. त्या माझ्यात मूठभर सरकी आणि ओंजळभर पाणी घालून गोटा तेवढाच वेळ फिरवत. आवाज तसाच यावा म्हणून. कापूरपुढे काड टाकत. चंद्रमौली शेतावर गेले की त्याला तळ्यापर्यंत चालवत नेत. बिचारा धापा टाकी, मागे वळून माझ्याकडे पाही. भूक लागली की माझा रिकामा खळगा चाटी. त्याला काय ठाऊक, की त्याला उपाशी ठेवणारीच त्याची खरी माय होती!

सेतू पाहणीला आला तेव्हा त्याने कापूरच्या बरगड्यांवर आणि जांघेच्या पडद्यावर बोटं रुतवून पाहिली. तो चंद्रमौलींना म्हणाला, "रावजी, उतरतोय. जे आत जायला लागलं होतं ते बाहेर पडतंय. राजवाड्याचा हात थकला वाटतं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्यापाशी कोण बसलं असेल? चंद्रमौली. ज्या माणसाने जन्मात कधी वाटण केलं नव्हतं, तो मांडी घालून बसला होता. गोटा त्यांना फिरवता येईना. तो एकदा माझ्या फुटक्या कडेवर आपटला, सरकी सांडली, बोट चेंगरलं. तरी ते उठेनात. मीनाक्षीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्मी अन्नाची आण घेतली होती."

चंद्रमौलींनी मान वर केली नाही. "घेतली होती."

"तेव्हांच ठाऊक होतें तुम्हांला?"

गोटा फिरत राहिला.

"चरबीच्या रंगाचें विचारलें, तेव्हांच ठाऊक होतें?"

"अगे, मी काय मुद्दाम मारतों काय त्याला?" ते एकदम बोलू लागले. "माझा हात पाहायला राजवाड्यांत लोक गर्दी करीत. आतां ह्या गांवांत मला कोण ओळखतो? महाराज गेले, हत्ती गेले, सगळें गेलें. मी काड घालणारा कोणी एक म्हातारा म्हणून मरूं काय? एकदां, एकदांच लोकांना पाहूं दे."

"आणि तो?" मीनाक्षीबाईंनी कापूरकडे बोट केलं.

चंद्रमौली उठले. वाटण कोंड्यात कालवलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. भुकेलेला कापूर त्यावर तुटून पडला, आणि खाता खाता मध्येच तोंड वर करून त्याने त्यांचा मनगटापर्यंत बरबटलेला हात चाटला. मीनाक्षीबाई घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

पुढे वाटायला चंद्रमौलीच बसत. हात बसला, गोटा फिरू लागला. मला थांबता येत नव्हतं. दगडाला पाय नाहीत, तोंड नाही, नाहीतर मी त्यांच्या पायावर उलटलो असतो. माझ्या पोटातून तेच पांढरं दूध निघत होतं, आणि आता मला माहीत होतं की ते कापूरच्या धाग्याधाग्यांत उतरून कोणाच्या ताटात जाणार आहे. माझ्यावर हात ठेवून खोटी आण घेतली ती घेतली, वर ती मोडायचं कामही माझ्याच हातून करून घेतलं. मित्रांनो, याला विश्वासघात म्हणतात. दुसरा मऊ शब्द मला शोधायचा नाही.

थंडी पडली. प्रदर्शनाच्या दिवशी कापूरला न्हाऊ घातलं, शिंगं रंगवली, गळ्यात झेंडूची माळ घातली. मीनाक्षीबाई बाहेर आल्याच नाहीत. फाटक उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझा खळगा कोणी न चाटता तसाच राहिला. दुपारपर्यंत वाटणाची साय त्यावर सुकून गेली.

चंद्रमौली परतले ते उजेड असतानाच, आणि कापूरशिवाय. बरोबर गल्लीतली माणसं होती. गळ्यात कापूरच्या गळ्यातली माळ आणि हातात चांदीचं पदक होतं. लोक मागच्या अंगणात जमले, कोणी पदक हातात घेऊन पाहिलं, कोणी म्हणालं, "शाबास, राजवाड्याचं नांव राखलें तुम्मी." कित्येक वर्षांनी त्यांच्याभोवती माणसं जमली होती. ते ताठ उभे राहून सांगू लागले, आणि सांगता सांगता त्यांना भानच राहिलं नाही.

"पांच बैल होते. सगळे वरून सारखेच. पण आपला उघडला, आणि साहेब 'वा' म्हणाला! तांबडी भडक जमीन, आणि तिच्यांत पांढऱ्या रेघा, अशा बारीक, अशा दाट! दारासुरम्‌चा विणकर तांबड्या रेशमांत चांदीची जर टाकतो ना, अगदीं तस्सें. मी जवळ जाऊन..."

ते थांबले.  ज्याने पदक हातात धरलं होतं त्याने ते हळूच माझ्या कडेवर ठेवलं आणि हात धोतराला पुसला. विठ्ठलाच्या एकादशीला ज्यांच्याबरोबर बसून त्यांनी भजनं म्हटली होती, तीच ही माणसं. एकेक करून ती फाटकातून बाहेर पडली. शिवी कोणी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

मीनाक्षीबाई तेवढ्या उरल्या. त्या रडल्या नव्हत्या, आणि पदकाकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"त्याला ओढावा लागला काय?"

 चंद्रमौली खाली माझ्याजवळ बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाले, "नाहीं. दुसऱ्या बैलांना दोर लावून ओढले. मी पुढें सरकीचें भांडें घेऊन चाललों. तो माझ्या मागून आपल्या पायांनीं आला."

मित्रांनो, कोणाची भाकरी कशाची आणि कोणाच्या मेजावर काय, याचा न्याय करायला मी बसलेलो नाही. साहेबांनी आपलं खाणं खाल्लं, त्यांनी कापूरला काही वचन दिलं नव्हतं. माझं सांगणं त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्या हाताला जनावर विश्वासाने तोंड लावतं. मुक्या जिवाला खोटं ओळखता येत नाही, म्हणून त्याच्याशी खोटं वागणं फार सोपं असतं. तुमच्या हाती भांडं असेल आणि कोणी तुमच्या मागून चालत येत असेल, तर एकदा थांबा, आणि आपण त्याला कुठे नेतो आहोत ते स्वतःला खरं खरं सांगा.